डब्यातली कॅसेट, कल्याण ते बदलापूर

आमच्या घरात षटकोनी पेन्सिल नाही, हे मी अत्यंत जड अंतःकरणाने नमूद करतो. मुलं खटका दाबायच्या पेन्सिली वापरतात आणि त्या कॅसेटच्या चाकात बसत नाहीत. म्हणून माझ्या डेकने सिद्धूच्या कॅसेटची फीत खाल्ली, तेव्हा ती मला करंगळीने गुंडाळावी लागली.

कॅसेट म्हणजे थ्रॅश मेटल या भरधाव रॉक संगीताचा एक जुना, गाजलेला अल्बम. कॉलेजात सिद्धूने दिलेला. तो अंबरनाथच्या बुवापाड्यातला, जयंतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीबरोबर ड्रम वाजवणारा. बी बाजूला शेवटी उरलेल्या फितीवर त्याने अल्बममधलं सगळ्यांत अवघड गाणं स्वतः वाजवून भरलं होतं. पुढे कारखान्यातल्या प्रेस मशीनने त्याच्या एका हाताची दोन बोटं नेली. त्याचं वाजवणं दुसरीकडे कुठेही नाही. परवा त्याचा बदलापूरच्या घरून फोन आला, "मुलीला ऐकवायचंय, घेऊन ये." नीट चालते का बघायला मी ती लावली, आणि डेकने नेमका तोच भाग चावला.

सकाळी कल्याणहून स्कूटर काढली. कॅसेट रुमालात, रुमाल जेवणाच्या डब्यात. जाणाऱ्यांनी दहाच्या आत निघावं आणि शहाडच्या पुलावर देवाचं नाव घ्यावं. मी नास्तिक आहे, मीही घेतलं. प्रत्येक खड्ड्याला डबा गुडघ्यांनी दाबून धरला.

उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात मोबाइल कव्हरांच्या मागे कॅसेट दुरुस्त करणारे एक सिंधी काका अजून बसतात.

"साईं, इतना टुकडा तो गया," त्यांनी नखाएवढी फीत दाखवली. "काटना पडेगा."

ब्लेड बघून मी बाहेर पडलो. गाडीवरचं दाल-पकवान तीस रुपये, उत्तम असावं. मी प्लेट तशीच परत ठेवली.

फीत चिकटवून काकांनी ए बाजू लावली. आधी एकटी संथ गिटार, मग दोन गिटारी एकदम अंगावर. सिद्धूने शिकवलेलं आठवलं : गिटारवाल्याचा उजवा हात ऐक, फक्त वरून खाली मारतोय, इतक्या वेगात, तरी मनगट सैल. ड्रमवाला सुसाट, पण मध्येच एक ठोका मुद्दाम उशिरा टाकतो. बेस ऐकूच येत नाही. थांबला की पायाखालची फरशी गेल्यासारखं होतं.

"झगडा रेकॉर्ड किया है क्या?" काकांनी विचारलं.

"नहीं साईं, चारों एक-दूसरे को सुन रहे हैं."

त्यांनी आवाज कमी केला. बी बाजू ऐकायची माझी हिंमत झाली नाही.

अंबरनाथला बुवापाड्याजवळ केमिकलच्या वासात वेग कमी केला. वळून घरी जावं, असंही वाटलं. पण बदलापूर आलंच.

सिद्धूने मुलीला शेजारी बसवून टेप लावली. त्या हाताची उरलेली तीन बोटं गुडघ्यावर बरोबरीने चालू. मग ती हवेतच थांबली.

"इथं एक ठोका गेला."

"फीत जुनी झाली रे," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. मुलीला म्हणाला, "तरी बघ, हात कसा परत जागेवर येतो."

परतीच्या वाटेवर अंबरनाथचं शिवमंदिर जरूर पाहावं, असं इथे लिहायची पद्धत आहे. मी थांबलो नाही. दिवसभर मला ब्लेडची भीती वाटते आहे असा माझा समज होता. घरी आल्यावर कळलं, ती सिद्धूला खरं सांगण्याची होती, आणि अजून गेली नव्हती. फोन लावला.

"फीत जुनी नव्हती. माझ्या डेकने खाल्ली."

पलीकडे कॅसेटची डबी उघडल्याचा आवाज आला.

"चिकटपट्टी दिसते रे," तो म्हणाला. "एक ठोका देणं लागतोस तू. थांब, लावतो."

फोनमधून त्याचे वीस वर्षांचे हात धावत आले. गेलेल्या ठोक्याची जागा आली. मी फोनवर नखाने एकदाच वाजवलं.