शिवणीतलं जादा कापड

माप घेताना दिनूकाका पोट आत ओढू द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक श्वास धरून उभं राहिलं की टेप कमरेभोवती तशीच ठेवून ते शांतपणे थांबत. "सोड बापा, सोड. पँट श्वास घेणाऱ्या माणसाला घालायची आहे."

बडोद्यात, गोत्रीत आमच्या सोसायटीच्या नाक्यावर त्यांचं छोटंसं दुकान होतं. माझ्या वडिलांचे, अण्णांचे कपडेही तेच शिवत. अण्णांना साखर, रक्तदाब आणि वर रविवारच्या फाफडा-जिलेबीचं प्रेम. पन्नाशी ओलांडली न ओलांडली, तोच ते हृदयविकाराने गेले.

नव्वदनंतर मला कारखान्यात बढती मिळाली. बसायला खुर्ची, घरी रंगीत टीव्ही, दारात स्कूटर. चार-पाच वर्षांत अण्णांचं पोटही वारशाने आलं. साखर काठावर आहे, असं डॉक्टर म्हणाले. ते मी बायकोलाही सांगितलं नाही. पँट घेऊन दिनूकाकांकडे गेलो, तेही स्कूटरवरून.

"कमरेत जरा सैल करून द्या."

त्यांनी पँट उलटी करून शिवण पाहिली आणि परत दिली. "नाही करणार."

"काका, हा तुमचा धंदा आहे ना?" मी चिडलो.

ते टेप गुंडाळत राहिले. "अण्णांची पँट दर दिवाळीला इंचभर सैल केली रे मी. हसत हसत केली. शेवटची केली आणि महिन्याभरात त्यांना पोचवायला गेलो. तुझी नाही उसवणार. सकाळी मी फरायला जातो, तू पण चाल."

पहिल्या दिवशी रागारागातच फिरायला गेलो. सत्तरीचे दिनूकाका माझ्या चार पावलं पुढे. उपदेश नाही, फक्त एकदा म्हणाले, "बडोद्यात डाळ गोड, चहा गोड, बोलणं गोड. पहिली दोन सोड."

वर्षभरात साखर उतरली. तीच पँट ढगळ झाली, ती त्यांनी आनंदाने आत घेऊन दिली.

पुढे एका थंडीत, दोन दिवसांच्या तापात ते गेले. माझं फिरणं सुटलं. उन्हाळ्यापर्यंत पँट पुन्हा करकचू लागली, तेव्हा रिक्षाने अलकापुरीतल्या एका शिंप्याकडे गेलो. त्याने शिवण उलटून पाहिली.

"काका, आमां तो वधारानुं कापड ज नथी."

खरंच, सैल करायला शिवणीत वाढीव कापडच नव्हतं. आत घेताना दिनूकाकांनी जादा कापड कापूनच टाकलं होतं.

माझे डोळे भरून आले. पँट काखेत मारली आणि गोत्रीपर्यंत चालत घरी आलो.