शेजारच्या सीटवरचे टायरबापू

टायरबापू कुणाच्याही गाडीत बसण्याआधी चारही टायरांवर तळहात ठेवून बघत, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं. महागावात त्यांचं टायरचं दुकान होतं, त्याआधी वीस वर्षं ट्रक. घराणं तांड्यावरचं, आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे. "माल पडला तं चालते, बैल नाही पडला पाहिजे," हे ते गिऱ्हाइकालाही ऐकवत.

मी त्यांच्याकडे गेलो तो भीतीमुळे. दोन वर्षांपूर्वी पुसदहून परतताना ओल्या वळणावर माझी गाडी गर्रकन उलटी फिरली. मुलगी मुक्ता शेजारी होती. पुलाच्या कठड्यापासून सव्वा हातावर गाडी थांबली. उतरून मी ते अंतर मोजलं. कुणाला खरचटलंही नाही. पण त्यानंतर मी घरच्या कुणालाही गाडीत बसवलं नाही. मुक्ता कॉलेजला एसटीने जाऊ लागली. बापूंनी हे ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "रविवारी या."

पुसदबाहेर कापसाच्या एका बंद जिनिंगच्या आवारात काही हौशी लोक ऑटोक्रॉस खेळत. तेलाच्या रिकाम्या डब्यांनी वळणं आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. डबा पडला की दोन सेकंद वाढले. बापू शेजारी बसत आणि एकच सांगत, "घड्याळाकडं पाहू नका. चाक ऐका. ते कुंथते तोवर धरून हाय. गप झालं का सुटलं."

फेरीआधी ते टायरच्या कडेवर खडूने रेघ मारत. रेघ किती पुसली त्यावरून टायर किती कलंडला ते कळे. मी हवा, रेघ, वेळ सगळं वहीत उतरवी. बापूंनी एकदा वही चाळली. "बत्तीस हवा लिवली, एकेचाळीस सेकंद लिवले. वळणात पाय लटपटला ते काहून नाही लिवलं, भाऊ?" सगळे हसले. मीही हसलो, पण पाय खरंच लटपटत होता.

चौथ्या रविवारी मी हिशेब केला, तिसऱ्या वळणात पाच किलोमीटर वेग वाढवला तर दीड सेकंद वाचतो. वेग वाढवला. टायर किंचाळले आणि मी घाबरून वळणातच ब्रेक दाबला. मागची चाकं सुटली. समोर जिनिंगची भिंत आली, बाजूला सरकली, पुन्हा आली. शेवटी गाडी थांबली.

"चाकाजवळ पकडीची भाकर एकच असते," बापू हळूच म्हणाले. "वळणानं सारी खाल्ली. मंग ब्रेकले कुठून देता?" ते खाली उतरले, बाटली तोंडाला लावली. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. आणि परत येऊन बसले.

"बापू, उतरा. मी एकटा जातो."

"एकट्याले कायचं भेव? तुमचं भेव या सीटवर बसलं हाय. म्हनून तं मी बसतो. चला, तेच वळण."

त्या दिवशी ते वळण आम्ही नऊ वेळा घेतलं.

यंदा पोळ्याच्या आधी बापू गेले. दुकानात टायरला टेकून बसले होते, तसेच. पुढच्या रविवारी मी एकटाच फेरीला उतरलो आणि एकोणचाळीस सेकंदांत आलो. आजवरचा माझा सर्वांत कमी वेळ. लोकांनी पाठ थोपटली. मला मात्र ते बरं वाटलं नाही, कारण त्या फेरीत मी कशालाच भ्यालो नव्हतो. शेजारची सीट रिकामी होती, म्हणजे भीतीचं कोडं काही सुटलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी मुक्ताला बोलावलं. ती एसटीने आली, शेजारी बसली, पट्टा लावला. तिसऱ्या वळणावर टायर कुंथू लागले. माझा उजवा पाय ब्रेककडे ओढ घेत होता. मी तो हलू दिला नाही, डोळे वळण संपतं तिथल्या डब्यावर ठेवले. गाडी वळली. चव्वेचाळीस सेकंद.

मुक्ताने सीटची कड अजून धरून ठेवली होती.

"घाबरली?"

"हो. तुम्ही?"

"खूप."

तिने कड सोडली, पिशवीतून फोन काढला आणि आईला लावला. "आई, बसची वाट नको पाहू. मी बाबांसोबत गाडीनं येऊन राह्यली."