परवाना नसलेल्यांचं गाणं

साठच्या दशकातलं सर्वांत लोकप्रिय गाणं कोणतं, हे ठरवताना तुमच्या आईला कुणी विचारलं होतं का?

दशक संपलं म्हणून सध्या वर्तमानपत्रांत याद्या छापून येताहेत. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं, आणि खाली बारीक अक्षरांत 'श्रोत्यांच्या पसंतीनुसार'. हे श्रोते कोण, ते मला ठाऊक आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मी त्यांच्यासमोर उभी राहिले होते. बसायला कुणी सांगितलं नाही, म्हणून उभी.

तेव्हा परदेशातल्या एका रेडिओ केंद्रावरून दर आठवड्याला हिंदी सिनेगीतांची क्रमवारी लागायची. गावोगावचे श्रोता संघ आपली पसंती कळवायचे, त्यावर गाणी वर चढायची, खाली उतरायची. आमच्या औरंगाबादेतही असा एक संघ होता. औरंगपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका वकीलसाहेबांचं घर होतं, त्यांच्या दिवाणखान्यात तो भरायचा. अध्यक्ष अर्थातच वकीलसाहेब. संघाचा एक नियम होता: एक परवाना, एक मत. रेडिओ ठेवायला पोस्टाचा परवाना लागायचा. त्या परवान्याचं पुस्तक ज्याच्या नावावर, त्यालाच मत.

आमच्याकडं रेडिओ नव्हता. आमच्याकडं पत्रकं होती. वडील निजामाच्या राज्यात धोतराच्या घडीत पत्रकं लपवून वाटायचे. पोलीस कारवाईच्या साली मी जन्मले, राज्य गेलं, पण पत्रकं राहिलीच. फळीवर पत्रकं, डब्यांखाली पत्रकं. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. 'उठा', 'धिक्कार असो', 'आता नाही तर कधीच नाही' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्याआधी वाचता यायचे. गाणी मात्र मी कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या रेडिओवर ऐकायचे. म्हणजे हॉटेलाबाहेरच्या सार्वजनिक नळावर, पाण्याच्या रांगेत. आत बायका जात नसत.

त्या वर्षाअखेरीला दोन गाण्यांवरून शहर भांडत होतं. एक चांदण्याचं: व्हायोलिनं, तलाव, होडीत दोघं. दुसरं एका रागावलेल्या बाईचं. सोडून निघालेल्या माणसाला ती म्हणते, गुपचूप काय जातोस, माझ्याशी भांडून जा. दुसऱ्या गाण्यासाठी मी जीव द्यायला तयार होते. सिनेमातली बाई रडायची सोडून हिशेब मागते, हे मी तोवर ऐकलं नव्हतं. वर्षभरातलं सर्वोत्तम गाणं कळवायची बैठक ठरली, तेव्हा मी सरळ दिवाणखान्यात शिरले.

"मला मत द्यायचंय," मी म्हटलं.

"परवाना?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग बेटा, तू गाणं ऐकतेस, पण तू श्रोता नाहीस." सगळे हसले. त्यांचा आवाज गोड होता, हे सांगायला हवं. "वडिलांना सांग, परवाना काढा. आमचा जुना रेडिओ पडून आहे, तो घेऊन जा. पुढच्या वर्षी मत दे."

"आणि ज्यांना तुमचा जुना रेडिओ मिळणार नाही, त्यांनी?"

"निजाम जाऊन किती वर्षं झाली! अजून मोर्चाच काढायचाय का तुमच्या घराला?"

"निजाम गेला, पण नियम तोच आहे. ज्याची जहागीर, त्याचा शब्द."

तेवढ्यात आतल्या पडद्यामागून वकीलीणबाईंचा आवाज आला, "माझं मत त्या भांडणाऱ्या गाण्याला."

मग वकीलसाहेब पडद्याकडं न बघता म्हणाले, "चहा झाला का?"

घरात रेडिओ होता, दिवसभर तो ऐकणारी बाई होती, आणि मत मात्र कोर्टात बसलेल्या माणसाचं. संघानं चांदण्याचं गाणं पहिलं लावलं आणि मी पाय आपटत घरी आले.

पत्रकाशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मी पत्रक लिहिलं. वडील म्हणाले, "सिनेमाच्या गाण्यांसाठी पत्रक?" मी म्हटलं, "गाण्यांसाठी नाही, मतासाठी." त्यांनी चष्मा लावला, दोन विशेषणं खोडली आणि कागद परत दिला. हातानं नकला करून मी गल्लीत वाटल्या: 'भगिनींनो, उठा! आपला हक्क हिरावला जात आहे! रविवारी सकाळी नळावर जमा!'

गाण्याचा उल्लेख पार तळाशी होता. पत्रक असंच लिहितात, अशी माझी समजूत. त्यामुळं व्हायचं तेच झालं. निम्म्या गल्लीला वाटलं नळ बंद होणार. बायका पहाटेच घरातली सगळी भांडी घेऊन हजर. हॉटेलवाले चाचा गल्ल्यावरून ओरडले, "क्या बेटी, हड़ताल है क्या? मेरे कू नक्को फँसाव!"

"संप नाय ना? मग मी जाते कामावर," आमच्या शेजारची मावशी म्हणाली. मेंढरं विकून तिचं कुटुंब शहरात आलेलं. ती छावणीत बांधकामावर विटा वाहायची.

"मावशी, थांब. कोणतं गाणं सगळ्यांत चांगलं, ते सांगायचंय."

"यासाठी बोलावलंस? आन मी पिंप रिकामं करून आणलं की गं!"

हशा पिकला, पण कुणी गेलं नाही. मी म्हटलं, चांदण्याच्या गाण्याला मत असेल तर घागर नळाच्या या अंगाला ठेवा, भांडणाऱ्या गाण्याला असेल तर त्या अंगाला. रांगेत नंबर लावायला घागर ठेवतो, तशीच. एका बाईची एक घागर. घागरीला परवाना लागत नाही.

"चांदण्याचं गाणं कंचं? ते होडीतलं?"

"व्हय. त्यात तो लई बारीक हाय बघ, होडी वल्हवंल का त्यो?"

"तुला त्याच्याशी लगीन लावायचंय का? गाण्याचं बोल."

"भांडायचं गाणं माझ्या सासूला ऐकव, तिला पाठ व्हईल!"

चाचांनी संपाची भीती टाकली, बाहेर येऊन पायरीवर बसले आणि दोन्ही गाण्यांच्या चाली गुणगुणून दाखवल्या. वकीलसाहेबांच्या घरी नळ होता, तरी तिथली मोलकरीण चकचकीत तांब्याची कळशी घेऊन आली आणि भांडणाऱ्या गाण्याच्या अंगाला ठेवून गेली. मला वाटलं, आता जिंकलो.

मग मावशीनं आपली घागर उचलली आणि चांदण्याच्या बाजूला ठेवली. तिच्या मागोमाग बाकीच्या ठेवू लागल्या.

"मावशी, तूसुद्धा?" माझा आवाज चिरकला. "ते साहेब लोकांचं गाणं आहे!"

"कुणी सांगितलं तुला? भांडणारी बाई मी रोजच हाय. मुकादमाशी भांडते, नवऱ्याशी भांडते, या नळावर भांडते. चांदण्यात बसवून मला कोण गाणं म्हणतंय? ते रेडिओच म्हणतो." ती पदर खोचत म्हणाली, "आता मोज. मला उशीर व्हतोय."

मी मोजलं. चांदणं जिंकलं होतं.

संध्याकाळी रेडिओ केंद्राला पाठवायचं पोस्टकार्ड पुढ्यात घेऊन मी बसले. खोटं लिहिणं सोपं होतं; विचारायला कुणी येणार नव्हतं. वडील शेजारी सुपारी कातरत होते. मताचा हक्क मी मागितला होता, माझ्या आवडीचा नाही. मी लिहिलं: पहिलं, चांदण्याचं गाणं. सही: बिनपरवाना श्रोता संघ, औरंगपुरा.

वकीलसाहेबांना कळलं, तेव्हा ते रस्त्यात थांबून म्हणाले, "काय, शेवटी आमचंच गाणं ना?"

"नाही. तुम्ही कुणाला न विचारता लावलं होतं. आम्ही विचारून लावलं."

ते कार्ड पोचलं की नाही, कळलं नाही. निवेदकानं आमच्या संघाचं नाव कधी घेतलं नाही. मला आजही ते भांडणाऱ्या बाईचंच गाणं थोर वाटतं आणि त्यावर मी मावशीशी अजून वाद घालते. तीही हटत नाही. पण 'श्रोत्यांची पसंती' म्हणून छापलेल्या एकाही यादीवर मी तिला विचारल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही.

म्हणून एक काम करा. तुमच्या घरात किंवा शेजारी अशी एक बाई असेल, जिनं ही गाणी भिंतीपलीकडून, पडद्यामागून, दुसऱ्याच्या रेडिओवर ऐकली. आज तिच्याजवळ बसा आणि दशकातलं तिचं पहिलं गाणं विचारा. का, तेही विचारा. तिचं उत्तर पटलं नाही तर खुशाल भांडा, पण बदलू नका. ते तिच्याच शब्दांत एका पोस्टकार्डावर उतरवा, खाली तिचं नाव लिहा, आणि या याद्या छापणाऱ्या वर्तमानपत्राला उद्याच्या टपालानं पाठवून द्या.