पाक एम्बोंगनी ऐकलेली होडी

पाक एम्बोंग, म्हणजे एम्बोंगकाका, आमच्या होडीवर मासा ऐकायचे. तेरेंगानूच्या किनाऱ्यावर तेव्हा तशीच मासेमारी चाले. इंजिन बंद व्हायचं, ते कठडा धरून डोकं बुडेपर्यंत पाण्यात उतरायचे आणि वर येऊन बोट दाखवायचे. त्या दिशेला होडी वळे. वाद कोणी घालत नसे. त्यांचा डावा कान कायम वाहायचा. कापसाने पुसून पुन्हा उतरायचे.

एकोणऐंशी साली देश सोडून पळालेल्यांच्या व्हिएतनामी होड्या एकामागून एक येऊ लागल्या. सरकारचा हुकूम होता, पाण्यात सापडली होडी तर पुन्हा खोल समुद्रात ओढून सोडायची. वाळूला लागलेल्यांना मात्र बेटावरच्या छावणीत ठेवत, दुसरा देश नेईपर्यंत. गावाला तेही नको होतं. तांदूळ त्यांच्यामुळे महागला म्हणत. मासा प्रेतं खातो म्हणून गिऱ्हाईक पाठ फिरवी. होडी दिसली की लोक दगड घेऊन किनाऱ्यावर जात.

त्या सकाळी एम्बोंग वर आले ते पांढरेफटक. बोट दाखवलं आणि मग म्हणाले, "मासा नाही. लाकूड ठोकतायत."

तोवर सुकाणूवरच्या तैबने सवयीने होडी वळवली होती.

समोरची व्हिएतनामी होडी पाण्याने काठोकाठ भरत आली होती. बायका डब्यांनी पाणी उपसत होत्या. एक माणूस फटीत चिंध्या ठोकत होता. पोरं रडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तैब म्हणाला, "पाक, परवाना माझ्या नावावर आहे. माझी चूल तुम्ही पेटवणार?"

"दोर टाक."

"गस्तीवाले आले तर?"

"म्हणूनच म्हणतो, लवकर टाक."

भरलेली होडी ओढणं म्हणजे बुडालेलं झाड ओढणं. दोर कठड्यावर घासू नये म्हणून मी खाली ओलं पोतं धरून बसलो. तळहात सोलले. मागे गस्तीची करड्या रंगाची बोट दिसली, मोठी होत गेली.

उथळ पाण्यात तैब दोर सोडायला निघाला. एम्बोंगनी उडी मारली, त्या होडीवर चढले आणि फटीतल्या चिंध्या उपसू लागले. होडी तरंगती राहिली तर गस्तीवाले तिला ओढून नेणार, हे आम्हाला ठाऊक होतं. चिंध्या ठोकणाऱ्याला कसं ठाऊक असणार? त्याने एम्बोंगचा गळा धरला. बायका किंचाळल्या. एम्बोंगनी हात थांबवला नाही.

होडी वाळूवर बसली. पाणी छातीपर्यंत होतं. तेव्हा कुठे त्याने गळा सोडला आणि पोरं खांद्यावर घेतली. किनाऱ्यावरून गावकऱ्यांचे दगड आले. मग एम्बोंगच्या खांद्यावरही पोर दिसलं, तसे थोडे कमी झाले, थांबले नाहीत. करडी बोट बाहेरच उभी राहिली.

संध्याकाळपर्यंत पोलिसांनी सगळ्यांना छावणीकडे नेलं. तैबने एम्बोंगना उद्या येऊ नका असं सांगितलं.

परवान्याचं विचारायला कोणी आलं नाही. तरी कित्येक दिवस रस्त्यावर जीप वाजली की एम्बोंग भातावरून उठून मागच्या दाराशी जायचे. मीही जायचो.