बेलापूरचं मत

इथले अनुभव मी बरीच वर्षं नुसते वाचत आलोय, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसत. अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी... आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नव्हता. त्यामुळे माझ्या अनुभवात कुणी किंचाळत नाही की कुणाचे पाय उलटे नाहीत. भर दुपारची, जेवणाच्या वेळेची गोष्ट आहे. तरी लिहितोय, कारण ती मनातून जात नाही.

साल ९७ असेल. श्रीरामपूरला एका किराणा दुकानाच्या वर माझा कॉम्प्युटर क्लास होता. चपला बाहेर काढून आत यायचं – धूळ गेली की मशीनला व्हायरस लागतो अशी लोकांची समजूत होती, आणि फरशी स्वच्छ राहायची म्हणून मीही ती कधी खोडली नाही.

रविवारी क्लास बंद, पण आमचा अड्डा चालू. पुण्याच्या एका मित्राने फ्लॉप्यांवर एक डिटेक्टिव्ह गेम दिला होता. इंग्रजी बंगला, म्हातारा मालक मेलेला, आपण इन्स्पेक्टर. मालकाची बायको, धाकटा भाऊ, डॉक्टर, माळी – एकेकाला प्रश्न विचारायचे, कुणाचं बोलणं कुणाशी जुळत नाही ते हुडकायचं आणि शेवटी एकाचं नाव द्यायचं. संधी एकच! नाव चुकलं की गेम स्वतःच खरा खुनी दाखवून मोकळा होणार. त्या भीतीने आम्ही नाव द्यायचं सारखं पुढे ढकलत होतो.

आम्ही म्हणजे तिघं. मी, हायस्कूलात इंग्रजी शिकवणारे गायकवाड सर आणि माझे भास्करदाजी. सर चर्च सुटलं की थेट यायचे आणि स्क्रीनवरचं वाचून मराठीत सांगायचे. दाजी एसटीत मेकॅनिक, बेलापूरहून सायकलवर यायचे. सरांचं मत – डॉक्टर, कारण औषधं त्याच्या हातात. माझं मत – भाऊ, कारण इस्टेट म्हटली की भाऊ आलाच. दाजींना विचारलं की ते म्हणायचे, "थांबा पाहुनं, घरी इचारून सांगतो."

घरी म्हणजे माझ्या ताईला! ताईने कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पण रविवारी दाजी परत येईपर्यंत ती जेवायची थांबायची, आणि जेवता जेवता दाजी तिला सगळा खेळ सांगायचे. पुढच्या रविवारी तिचा निकाल आमच्यापर्यंत पोचायचा. सरांनी त्याला नाव दिलं होतं – बेलापूरचं मत.

ते मत ठाम होतं. मालकाची बायको निर्दोष. का? तर चौकशीला आलेल्या इन्स्पेक्टरला अख्ख्या बंगल्यात तिनेच काय तो चहा विचारला. "दारात आलेल्याला जी चहापानी इचारती, तिच्या हातनं खून व्हनार न्हाई," हे ताईचं म्हणणं दाजींनी आम्हाला अगदी कोर्टात सांगावं तसं सांगितलं. आम्ही हसलो. पण खरं सांगू? तिघांनाही ते पटलं. त्या बाईला आम्ही पुढे एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

त्याच हिवाळ्यात दाजी गेले. डेपोत काम करताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ताईला मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि सासूबाई. दिवस झाले, पाहुणे पांगले, पण ताई काही ताटावर बसेना. चहा घ्यायची, कुणी फारच मागे लागलं तर दोन घास, की ताट सरकवायची. बोलणं जवळजवळ बंद. डॉक्टरांनी सलाइन लावलं तेवढ्यापुरती तरतरी आली, पुन्हा तेच. दाजींपाठोपाठ हीही जाते की काय, अशी भीती मला रोज वाटायची. आई-वडिलांच्या मागे मला तीच होती हो...

एका रविवारी सर म्हणाले, "तो खेळ संपवून टाकू. भास्कररावांच्या नावाने." बसलो. भावाचं नाव दिलं. चूक! आणि स्क्रीनवर आली ती मालकाची बायको. विष चहातूनच दिलेलं होतं. सर वाचत होते, मध्येच हसायला लागले आणि हसता हसता चष्मा काढून ढसाढसा रडले. "भास्करराव, तुमच्या मंडळींनी फसवलं हो आपल्याला!" मग मलाही आवरेना.

क्लासला कुलूप लावलं. सर त्यांच्या घरी गेले, मी लुनावरून थेट बेलापूरला. गेमचं काही सांगायचं डोक्यातही नव्हतं, फक्त ताईला बघायचं होतं. त्यांच्याकडे फोन नव्हता, हे मुद्दाम सांगतो.

दारातच सासूबाईंनी माझा हात धरला. "आज जेवली रं बाबा! आपल्या हातानं वाढून घेतलं."

आत ताई ताटावर बसलेली. भाकरी, वांग्याचं कालवण. मान वर करून म्हणाली, "चहा देनारीच निघाली न्हवं?"

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"ह्यांनी. आत्ता येऊन गेले. माझं मत चुकलं म्हनून लई हसले. आन सर रडले म्हनं. डोळं पुसा म्हनावं त्यांना."

सासूबाई सगळा वेळ ओट्यावर डाळ निवडत बसल्या होत्या. दारातून कुणी गेलं नव्हतं. आतून सुनेचं हसू तेवढं ऐकू आलं, आणि हिचं डोकं फिरलं की काय म्हणून त्या उठणार, तोच ताटाचा आवाज आला.

दाजींनी आधीच गुपचूप शेवट पाहून ताईला सांगितला असेल, असं कुणी म्हणेल. किल्ली माझ्याकडे असायची, तरी तेही धरून चालू. पण सर रडले ते त्या दिवशी, मी लुना सुरू करण्याच्या जरा आधी. ते बेलापूरला कुणी नेलं?

"गेम संपला का पुरता?" ताईने विचारलं.

मी घाईने म्हणालो, "दुसरा आणलाय. पुढच्या रविवारी सुरू करू." आणलेला नव्हता.

 ती म्हणाली, "खोटं नको बोलू. ते सांगून गेलेत, 'आता माझ्यासाठी जेवायची थांबू नको.'" आणि तिने पुढचा घास मोडला.

मी इतक्या वर्षांत बरंच डोकं लावलं, सरांशी वाद घातले, हाती काही लागलं नाही. ताईला विचारलं तर ती माझ्यावरच डाफरते. "त्यात काय समजून घ्यायचंय? मानूस जेवायच्या येळंला घरी आला."