दवाखान्यात तपासलेला बूस्ट कंट्रोलर

माझा नवरा दातांचा डॉक्टर. नगरला सावेडीत खाली दवाखाना आणि वर आमचं घर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, सगळी सावेडी स्कूटरवर फिरत असताना, त्यांनी पुण्याच्या एका मोटार-रॅलीवाल्याकडून जुनी पांढरी गाडी आणली. बाहेरून ती एखाद्या मास्तरांची वाटावी अशीच होती. आत मात्र जपानी इंजिन, आणि त्याला टर्बो. म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्या कोंबलेल्या हवेच्या दाबाला बूस्ट म्हणतात, हे मला जेवताना इतक्या वेळा ऐकवलं गेलं की आमच्या पोळ्यांनासुद्धा ते पाठ झालं असावं.

रॅलीवाल्याने इंजिन टिकावं म्हणून हा दाब अगदी बेताचा ठेवला होता. भंडारदऱ्याच्या चढावर त्याचा उलगडा झाला. माणसांनी लगडलेली एक काळी-पिवळी जीप आम्हाला मागे टाकून गेली आणि तिच्या टपावर बसलेल्या एकाने टोपी हलवून आमचा निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं दुबईच्या धाकट्या भावाला पत्र गेलं: इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर पाहिजे.

दिरांनी दोन माहितीपत्रकं पाठवली. एका कंट्रोलरला निळा पडदा, बारा बटणं आणि चार वेगवेगळे दाब लक्षात ठेवायची सोय. दुसऱ्याला फक्त एक खटका आणि रेडिओसारखी एक घुंडी. नवरा पहिल्याच्या प्रेमात पडला.

"चार दाब लक्षात ठेवतो," ते म्हणाले.

"अहो, पण गाडी तुम्ही एकटेच चालवणार ना?"

"घाटाचा वेगळा, गावातला वेगळा, पावसाळ्यातला वेगळा."

"आणि चौथा?"

"तो असू दे."

भिंगारचे आमचे मेकॅनिक फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना दोन्ही पसंत नव्हते. "पितळी स्क्रू बसवतो, डॉक्टर. पिळला की दाब वाढला, सोडला की उतरला. त्याला वायर न्हाई, वॉरंटी न्हाई."

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी एकच विचारलं, "वीज गेली तर हे यंत्र काय करतं?" नगरमध्ये राहणाऱ्या माणसाला यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न सुचत नाही.

माहितीपत्रकात त्याचं उत्तर नव्हतं. मग एसटीडी बूथवरून दुबईला फोन लावला. दीर दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणे हसला, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण माणूस भला. एक परत करायच्या बोलीवर त्याने दोन्ही दिले. डिसेंबरच्या सुट्टीत दीर आले ते दोन्ही खोकी घेऊनच, आणि दोनच दिवस राहून पुण्याला सासुरवाडीला गेले. परतताना एक खोकं उचलायचं होतं.

तपासायला दाबलेली हवा हवी. ती आमच्या घरात भरपूर होती, कारण दाताचं यंत्र त्याच हवेवर चालतं. रविवारी सकाळी दवाखान्यात, खुर्चीशेजारच्या टेबलावर मेकॅनिकनी गाडीची एक पत्र्याची डबी ठेवली. कारभार असा: हवेची एक नळी या डबीत येते. दाब पुरेसा झाला की डबीतला दांडा पुढे सरकतो, धुराला पळवाट उघडतो आणि पंखा आवरतो. कंट्रोलर आपल्या व्हॉल्व्हने ती हवा मधेच थोडी अडवतो. डबीला वाटतं अजून दाब झालाच नाही, आणि तेवढ्या वेळात बूस्ट वाढतो. थोडक्यात, डबीला फसवायचं. पण फसवणारा अचानक मेला, तर डबीला खरं कळायला हवं.

नेमका तेव्हाच सुजलेला गाल धरून एक गृहस्थ आत आले. त्यांनी टेबलावरच्या नळ्या, बॅटरी आणि काळ्या हातांचे मेकॅनिक पाहिले.

"डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "हे माझ्यासाठी हाय का?"

"नाही, तुमचं साधं आहे," नवऱ्याने त्यांना खुर्चीत बसवलं. भूल चढेपर्यंत ते आमचा प्रयोग बघत राहिले.

आधी निळ्या पडद्याचा लावला. जपानी कागदावरचं चित्र बघून नळ्या जोडल्या, बॅटरीची वायर काढली, हवा सोडली. दांडा जागचा हलला नाही. गाडीत असं झालं असतं तर दाब चढतच गेला असता. मी नळ्यांची अदलाबदल केली, तेव्हा दांडा मुकाट्याने सरकला.

"म्हणजे आपणच उलटं जोडलं होतं," नवऱ्याचा चेहरा खुलला. "यंत्र चांगलंच आहे."

मग दुसरा लावून वीज काढली, तर दांडा पहिल्याच वेळी सरकला. मेकॅनिकनी त्याचा व्हॉल्व्ह हातात घेतला. त्याची दोन तोंडं वेगवेगळ्या जाडीची होती. एकाची नळी दुसऱ्यावर बसतच नव्हती. "डॉक्टर, जे उलटं बसू शकतं, ते कधी तरी उलटं बसनारच. फौजेत आमी हेच शिकलो."

"बरोबर बोलतायत," खुर्चीतून बधिर जिभेने आवाज आला.

तीन विरुद्ध एक. निळा पडदा परत दुबईला निघाला. नवऱ्याने तो खोक्यात ठेवायच्या आधी बॅटरीवर लावून एकदा उजळवून पाहिला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

घुंडीवाला बसवल्यावर आम्ही तिघं भंडारदऱ्याला निघालो. मेकॅनिक मागे, खिडकी उघडी ठेवून इंजिनाला कान लावून बसलेले. चढावर गाडी खरोखरच निराळी झाली होती. दोन जिपा मागे पडल्या. नवऱ्याने घुंडी आणखी थोडी फिरवली, आणि इंजिनातून स्टीलच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला.

"मागं घ्या," मेकॅनिक म्हणाले. "आपल्या पेट्रोलला येवढं झेपत न्हाई. पिस्टन फुटंल."

नवऱ्याने घुंडी मागे घेतली. आवाज थांबला. दाब दाखवणाऱ्या काट्याच्या त्या जागेवर मेकॅनिकनी खिशातल्या खडूने काचेवर रेघ मारली आणि त्या रेघेपलीकडे जायचं नाही असं डॉक्टरांकडून कबूल करून घेतलं.

धरणाजवळ चहा झाल्यावर नवऱ्याने किल्ली माझ्यापुढे धरली. त्या गाडीला मी तोवर हात लावला नव्हता. मी फक्त दोष काढत होते. राजूरच्या अलीकडे एक लहानसा चढ आला. मी गियर खाली घेतला, पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पुढून बारीक शिट्टी ऐकू आली आणि कुणीतरी पाठीला हात लावून पुढे ढकलावं तशी गाडी वर चढली. मला हसू आलं, आणि ते लपवायला उशीर झाला होता.

"कसं वाटतंय?" नवऱ्याने विचारलं.

"ठीक आहे," मी म्हटलं, आणि पुढचा चढ कधी येतोय ते पाहू लागले.