झग्याआडची तोफ

तिला सगळे तोफ म्हणत. नवरा, नणंद, कोपऱ्यावरचा दुकानदार, सगळेच. नावाचा तिला राग नव्हता. राग बाकी सगळ्याचा होता. रांगेत घुसणाऱ्यांचा, जिन्यात थुंकणाऱ्यांचा, ‘बघू, करू’ म्हणत वेळ मारून नेणाऱ्यांचा. ती बोलायला लागली की वरच्या मजल्यावरची माणसं रेडिओ बारीक करून ऐकत. अशा बाईला नोकरी मिळाली ती तोंड न उघडण्याची.

शहराबाहेरच्या पक्षीकेंद्रात ती क्रौंचाची पिल्लं वाढवायची. उंच पायांचा, राखाडी, डोक्यावर तांबडी टोपी घातल्यासारखा हा पक्षी. एकेकाळी शहराच्या कडेच्या पाणथळीत त्यांचे थवे उतरत. मग पाणथळीत भराव पडला, भरावावर इमारती उभ्या राहिल्या आणि त्या वसाहतीला नाव दिलं गेलं या पक्ष्याचंच. कमानीवर दोन क्रौंच रंगवले, तेही बगळ्याच्या पायांचे. खरे उरले ते बोटांवर मोजण्याइतके, नदीपलीकडच्या शेवटच्या दलदलीत. त्यांची अंडी आणून उबवायची, पिल्लं मोठी करायची आणि परत तिकडे सोडायची, एवढंच आता हातात होतं.

“ज्यांना हुसकावलं त्यांच्याच नावाने घरं विकतात,” ती घरी म्हणायची. “आणि गिऱ्हाईक विचारतं, गच्चीतून पक्षी दिसतील ना?”

क्रौंचाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की समोर जे दिसेल त्याला आपलं मानतं. माणूस दिसला तर माणसालाच. म्हणून पिल्लांच्या खोलीत जाताना पायघोळ राखाडी झगा घालायचा, तोंडावर जाळी ओढायची, हातावर क्रौंचाच्या डोक्याचा मोजा चढवायचा आणि त्या मोज्याच्या चोचीने मासा भरवायचा. माणसाचा आवाज बिलकूल नाही. शिंक आली तरी गिळायची.

तो झगा तिच्या नवऱ्याने शिवला होता. तो शिंपी होता आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, “आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणाला जमलं नाही ते या पाखराने करून दाखवलं. बायको गप्प!”

“गप्प नाही, साठवतेय,” ती म्हणायची. “संध्याकाळी तुम्हालाच मिळणार आहे.”

पण गेल्या वर्षीपासून ते हसणं कमी झालं होतं. गेल्या वर्षीच्या पिल्लाला लहानपणी कुणीतरी झग्याशिवाय खेळवलं होतं. कुणी, ते शेवटपर्यंत कुणीच कबूल केलं नाही. दलदलीत सोडल्यावर ते थेट रस्त्याच्या कामावरच्या माणसांकडे चालत गेलं, मान वाकवून, मासा मागायला. कुणीतरी गंमत म्हणून दगड मारला. ते पळालं नाही. मग दुसरा मारला. तोफेने त्याला मेलेलं पोत्यात घालून परत आणलं.

यंदा अंड्यांतून एकच पिल्लू जगलं.

ते गुडघ्याएवढं झालं असेल, तेव्हा एका सकाळी ती झगा घालून त्याला भरवत असताना खोलीचं दार सताड उघडलं. केंद्राचे साहेब आत आले. त्यांच्यामागे एक देणगीदार, त्यांची बायको आणि मेहुणा. कुणाच्याही अंगावर झगा नाही.

“अय्या, कसलं गोड आहे!” देणगीदाराची बायको ओरडली.

तोफेच्या घशाशी सगळं आलं. पण ती बोलली असती तर तिच्या हातूनही तेच पाप घडलं असतं. ती पिल्लापुढे आडवी उभी राहिली आणि हातातल्या मोज्याच्या चोचीने देणगीदाराला पोटावर ढकलू लागली.

“अहो, ही बाई चोच मारते की!” मेहुणा म्हणाला. सगळे खो खो हसले. देणगीदाराने बाजूने वाकून बादलीतला मासा उचलला. पिल्लाने तो त्याच्या बोटांतून अलगद घेतला. फोटो निघाले.

त्यानंतर माणूस दिसला की पिल्लू कुंपणाशी धावत यायला लागलं. ते पाहून ती साहेबांच्या खोलीत शिरली, न विचारता.

“साहेब, दार कुणाला विचारून उघडलंत?”

“बाई, देणगी आली नाही तर मासे कुठून आणू? मला नाही म्हणता येत नाही, तुम्हाला माहितीये.”

“गेल्या वर्षीचं पोतं मी उचललं होतं. तुम्ही उचललं असतंत तर आलं असतं ‘नाही’ म्हणता.”

साहेबांनी चष्मा पुसला. “आता ते सोडता येणार नाही. मोठा पिंजरा बांधू. लोक येतील, बघतील. जागृती होईल.”

“जागृती? जागेच आहेत सगळे! जागेपणीच भराव टाकला त्यांनी.” ती टेबलावर वाकली. “ते माणसाला भीत नाही ना? मी शिकवते भ्यायला. सोडायच्या दिवसापर्यंत माझ्या हवाली करा.”

दुसऱ्या दिवशी ती रोजच्या कपड्यांत, उघड्या तोंडाने, पत्र्याचं ताट आणि डाव घेऊन आवारात गेली. पिल्लू तिला पाहून धावत आलं. मान वाकवली. तिचा हात उचलेना. मग तिला ते पोतं आठवलं. तिने ताट बडवलं आणि तोंड उघडलं. एवढी वर्षं त्या खोलीत गिळलेलं सगळं बाहेर पडलं: भराव टाकणारे, कमान रंगवणारे, दगड मारणारा, ‘कसलं गोड’ म्हणणारी. त्यातलं पिल्लाला काय कळणार! पण सूर कळला. ते धडपडत लव्हाळ्यात घुसलं.

थोड्या वेळाने झगा घालून, मासा घेऊन ती परत आत गेली. लव्हाळ्यातून ते थरथरत बाहेर आलं आणि धावत येऊन त्याने झग्याखाली डोकं खुपसलं. तिच्याच भीतीने तिच्याच पायाशी. ते शांत होईपर्यंत ती हलली नाही. चुकतंय की बरोबर, हे विचारायला तोंड उघडायची सोय नव्हती.

त्या संध्याकाळी ती मुकाट जेवली.

“आज तोफ गार?” नवऱ्याने विचारलं.

“तिकडेच संपलं सगळं.”

त्याने पुढे चेष्टा केली नाही. लव्हाळ्यात अडकून उसवलेली झग्याची कड घेऊन तो मशीनवर बसला.

हे रोज चाललं. पिल्लाला पंख फुटले, टोपी तांबडी झाली.

सोडायच्या दिवशी दलदलीच्या काठावर खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत देणगीदार. साहेबांनी हात जोडून सांगितलं, “कृपया शांतता राखावी.” तोफ शेवटच्या रांगेमागे उभी होती.

पेटी उघडली. क्रौंच बाहेर आला, माणसं पाहून दचकला आणि पाण्याकडे वळला. तेवढ्यात देणगीदार उठले. खिशातल्या पिशवीतून त्यांनी मासा काढला, फोटोवाल्याला खूण केली आणि च् च् करत पुढे गेले.

क्रौंच थांबला. त्याने वळून त्या माशाकडे पाहिलं. मान किंचित वाकली.

“ए!”

खुर्च्यांवरची माणसं ताडकन उठली. तोफ खुर्च्या लोटत पुढे आली, हातातलं ताट बडवत. “चल निघ! निघ म्हणते ना!” क्रौंच पळत सुटला, पंख उघडले, पायांनी पाणी उडवत वर उठला. फोटोत आली असेल तर शेपटी आली असेल.

“ही बाई वेडी आहे का?” देणगीदार ओरडले.

साहेबांनी आधी बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, “नाही. त्या कामावर आहेत.”

तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती चिखलात घोट्यापर्यंत उतरली होती. “परत इकडे फिरकलास तर तंगडी मोडीन! कुणाच्या हातचं खाल्लंस तर याद राख!” शेवटच्या शब्दाला तिचा आवाज चिरकला. लांबवर, जिथे लव्हाळी दाट होती, तिथे तो राखाडी ठिपका उतरला आणि दिसेनासा झाला.

तिने पदराने तोंड पुसलं आणि ती खुर्च्यांकडे वळली. त्यांच्यासाठी अजून बरंच शिल्लक होतं.